लांब आणि बसक्या गाडीची बाजू

डिसेंबर १९९६ मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून जुन्या धाटणीची शेवटची मोठी सेडान बाहेर पडली. शेवरोले कॅप्रिस, ब्यूक रोडमास्टर आणि कॅडिलॅक फ्लीटवूड या गाड्या एकाच घराण्यातल्या होत्या, त्या एकाच छपराखाली तयार होत आणि तिन्ही एकदमच बंद झाल्या. कारखाना मात्र बंद पडला नाही. यंत्रसामग्री बदलून तो ट्रकच्या वर्गातील वाहनांसाठी सज्ज करण्यात आला आणि आज टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड या धिप्पाड, उंच गाड्या तेथूनच बाहेर पडतात. १५ सप्टेंबर २०११ रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे फोर्डची शेवटची क्राउन व्हिक्टोरिया तयार झाली. २७ फेब्रुवारी २०२० रोजी डेट्रॉइट-हॅमट्रॅमक येथे शेवरोले इम्पालाचे उत्पादन थांबले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ब्रॅम्प्टन येथे क्रायस्लर ३०० व जुनी डॉज चार्जर यांचीही पाळी आली.

या घटनांचे एक ठरावीक स्पष्टीकरण दिले जाते. लोकांना आता अशा गाड्या नको आहेत, त्यांना उंच बसायला आवडते, बाजाराने कौल दिला, विषय संपला. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. लोकांची आवड बदलली हे मान्य. पण ती बदलत असताना सरकारी नियमांनी तराजूच्या एका पारड्यात सतत वजन टाकले, आणि ज्या दोषांसाठी मोठ्या सेडानला शिक्षा झाली त्याच दोषांसाठी तिच्या जागी आलेल्या वाहनाला मोकळीक मिळाली. माझा आक्षेप या दुजाभावाला आहे. तो दूर झाल्याखेरीज या गाडीचे भवितव्य काय, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळू शकत नाही, कारण तिची परीक्षा कधी न्याय्य रीतीने झालेलीच नाही.

आधी ही गाडी होती कशी ते पाहू. परंपरागत मोठी अमेरिकन सेडान म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांबीची, पुढे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना गती असलेली गाडी, जिचे शरीर एका स्वतंत्र पोलादी चौकटीवर बसवलेले असे. क्राउन व्हिक्टोरिया, मर्क्युरी ग्रँड मार्क्वी आणि लिंकन टाउन कार या तिघी फोर्डच्या एकाच चौकटीवर उभ्या होत्या. पँथर या नावाने ओळखली जाणारी ती चौकट १९७९ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत टिकली. ग्रँड मार्क्वीचा दरवाजा उघडून आत बसले की समोर गिअरची दांडी स्टेअरिंगच्या खांबावर दिसे, त्यामुळे पुढची बैठक एका बाकासारखी सलग असे आणि तिथे तिघे बसत. मागे आणखी तिघे. डिकी इतकी खोल की तळाशी गेलेली पिशवी काढायला कमरेत वाकावे लागे. चार मोठ्या बॅगा ठेवूनही वर जागा उरे. खड्ड्यावरून जाताना धक्का बसत नसे, गाडी नुसती एकदा खालीवर होई आणि पुढे जाई. वळणावर ती झुकत असे, हेही सांगितले पाहिजे. पण ती गाडी वळणांसाठी नव्हतीच. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेत जे आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले, त्या सरळ, रुंद, शेकडो मैल लांबीच्या रस्त्यांवर सहा माणसांनी न थकता दिवसभर प्रवास करावा यासाठी ती होती, आणि ते काम तिच्याइतके चोख दुसऱ्या कोणत्याही साध्या किमतीच्या गाडीने केले नाही.

साधी किंमत हा शब्द मी जाणून वापरतो. मोठ्या अमेरिकन गाडीचे चित्र डोळ्यासमोर आणताना आपण १९५९ च्या कॅडिलॅकचे उंच पंख आठवतो आणि ही श्रीमंतांची हौस होती असे समजतो. प्रत्यक्षात या वर्गाचा कणा शेवरोले इम्पाला होती. १९६५ या एका वर्षात ती दहा लाखांहून अधिक खपली. कारखान्यातील कामगार, शाळेतील शिक्षक, किराणा दुकानदार यांची ती गाडी होती, आणि पहिल्या मालकाने विकल्यावर ती आणखी दोन-तीन घरांत नांदत असे. शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांपैकी काहींनी सेकंडहँड घेतलेली पहिली गाडी अशीच एखाद्या वृद्ध गृहस्थाने जपून वापरलेली ब्यूक किंवा मर्क्युरी होती, आणि त्या गाडीने त्यांना बर्फातून, अपुऱ्या पैशांतून आणि अपुऱ्या अनुभवातून सुखरूप पार नेले.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इतिहासात तर या गाडीला निराळेच स्थान आहे. वंशभेदाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांतून प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेतले हॉटेल खोली देत नसे, खानावळ जेवण देत नसे, पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृहही बंद असे. कोणत्या गावात कोठे थांबता येईल हे सांगणारी मार्गदर्शिका न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून छापायला घेतली ती याच गरजेतून. अशा प्रवासात गाडी मोठी असणे ही चैन नव्हती. तीत घरचे जेवण, पाणी, पांघरुणे मावत. रात्री मुलांना मागच्या बाकावर झोपवता येई. आणि इंजिनात एवढी ताकद असे की नको त्या गावातून लवकर बाहेर पडता येई. बसमध्ये मागच्या जागेवर ढकलला जाणारा माणूस स्वतःच्या ब्यूकमध्ये पुढे बसत होता. या गोष्टीचे मोल अश्वशक्तीत मोजता येत नाही, आणि मोठ्या गाड्यांची सरसकट उधळपट्टी म्हणून संभावना करणाऱ्यांनी तिचा विचार केलेला मला फारसा आढळत नाही.

तिसरे मोल दुरुस्तीचे. स्वतंत्र चौकटीवर शरीर बसवलेले असल्यामुळे अपघातात चेमटलेला मडगार्ड किंवा दरवाजा काढून दुसरा बसवणे सोपे होते. न्यूयॉर्कच्या टॅक्सीमालकांनी आणि देशभरच्या पोलीस खात्यांनी क्राउन व्हिक्टोरिया वर्षानुवर्षे घेतली ती यासाठीच. सुटे भाग सगळीकडे मिळत, कोणत्याही गॅरेजमधल्या मेकॅनिकला ती गाडी पाठ असे, आणि एका मोडलेल्या गाडीचे अवयव दुसरीला लागत. शेवटपर्यंत तिला चार गिअरचाच स्वयंचलित गिअरबॉक्स होता, ही तिची उणीवही होती आणि टिकाऊपणाचे एक कारणही. आज चाळीस संगणक आणि डझनभर कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या गाडीचा बंपर नुसता घासला तरी मालकाला जो भुर्दंड बसतो, तो पाहिल्यावर या साधेपणाला मागासलेपण म्हणावे की शहाणपण, याचा निर्णय मला अवघड जात नाही.

आता दोष. ते मोठे होते आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतील नव्या वाहनांचे सरासरी अ‍ॅव्हरेज गॅलनला सुमारे १३ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम साडेपाच किलोमीटर होते. त्याच काळात कॅडिलॅक एल्डोराडोमध्ये ८.२ लिटरचे इंजिन बसवले जात होते आणि एवढ्या अवाढव्य यंत्रातून १९० अश्वशक्ती निघत होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर, पंपावर रांगा लागलेल्या असताना, अशा गाड्या बनवत राहणे हा बेजबाबदारपणा होता आणि अमेरिकन संसदेने लगाम घातला ते योग्यच केले. क्राउन व्हिक्टोरियाची पेट्रोलची टाकी मागच्या अक्षाच्याही मागे होती. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या पोलिसांच्या गाड्यांना मागून जोरदार धडक बसून आगी लागल्या, त्यांत पोलिसांचे जीव गेले, आणि अखेर २००२ मध्ये कंपनीने टाकीभोवती संरक्षक पत्रे बसवून द्यायला सुरुवात केली. या गाडीची बाजू मांडणाऱ्याने हा इतिहास विसरता कामा नये.

परंतु ही गाडी सुधारता येत नव्हती काय? येत होती, आणि ती सुधारून दाखवण्यात आली होती. १९७७ साली जनरल मोटर्सने आपल्या सर्व मोठ्या सेडान नव्याने आखल्या. नवी कॅप्रिस आदल्या वर्षीच्या गाडीपेक्षा सुमारे २७ सेंटिमीटर आखूड आणि कित्येक शे पौंडांनी हलकी झाली, तरीही आत डोक्यावरची जागा आणि डिकी वाढली. बाहेरचा निव्वळ दिखाऊ पत्रा कापून टाकला आणि माणसांची जागा राखली, इतके सरळ ते काम होते. ग्राहकांनी तोंड फिरवले नाही. उलट पहिल्याच वर्षी मोठ्या शेवरोले गाड्यांचा खप सहा लाखांच्या पुढे गेला. अमेरिकन वाहनउद्योगाच्या इतिहासात मला सर्वात आशादायक वाटणारी घटना हीच, कारण मोठ्या गाडीला शिस्त लावता येते आणि शिस्त लावलेली मोठी गाडी लोक आनंदाने घेतात, या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी सिद्ध केल्या. हा रस्ता पुढे चालत राहायला हवा होता. तो का सोडला गेला, हे समजून घ्यायचे तर कायद्यात शिरावे लागते.

१९७५ च्या ऊर्जा कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी अ‍ॅव्हरेजला किमान मर्यादा घातली. प्रवासी मोटारींसाठी ती १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल होती आणि १९८५ पर्यंत २७.५ वर न्यायची होती. हलक्या ट्रकांसाठी मात्र वेगळी आणि सैल मर्यादा ठेवली गेली, कारण ट्रक म्हणजे शेतकरी, सुतार, नळकाम करणारे यांचे कामाचे वाहन, ही समजूत त्या काळी रास्त होती. १९७८ मध्ये पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर जो खास कर आला तोही फक्त मोटारींवर. हलके ट्रक त्यातून वगळले. पुढे घराघरांत ट्रकच्या चौकटीवर बांधलेली कौटुंबिक वाहने आली, त्यांत मुले शाळेत जाऊ लागली, किराणा येऊ लागला, पण कायद्याच्या लेखी ती कामाची वाहनेच राहिली. आर्लिंग्टनचा हिशेब या उजेडात पाहावा. तेथे तयार होणारी कॅप्रिस गॅलनला २७.५ मैलांच्या कसोटीवर तोलली जात होती आणि कंपनीची सरासरी खाली ओढत होती. तिच्या जागी आलेल्या टाहोला २०.७ ची कसोटी होती. टाहो कॅप्रिसपेक्षा जास्त पेट्रोल पीत होती आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने ती कमी अपराधी होती. कोणताही व्यवस्थापक यातून काय धडा घेईल हे सांगायला नको.

या नियमांनी किती विचित्र वळणे घेतली याची उदाहरणे आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस फोर्डने क्राउन व्हिक्टोरियाचे काही भाग मुद्दाम परदेशातून घेऊन तिचा स्वदेशी हिस्सा ७५ टक्क्यांच्या खाली नेला, जेणेकरून ती आयात गाड्यांच्या ताफ्यात मोजली जावी आणि तिची तहान तेथल्या छोट्या गाड्यांच्या सरासरीत मुरावी. अमेरिकन पोलिसांची ओळख बनलेली गाडी सरकारी वहीत परदेशी ठरली. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला आणि चालवायला सरळसरळ मोटार, पण सामानासाठी सपाट होणाऱ्या तिच्या मागच्या भागामुळे ती ट्रकमध्ये नोंदली गेली. सुबारूने २००५ च्या मॉडेलसाठी आउटबॅक जमिनीपासून आणखी उचलली आणि ती, अगदी सेडानच्या रूपातसुद्धा, ट्रक ठरली. आजही ही व्याख्या कोनांत आणि सेंटिमीटरांत लिहिलेली आहे: चारही चाकांना गती असेल, किंवा भारासह कमाल वजन सहा हजार पौंडांच्या वर असेल, आणि त्याखेरीज पुढचा चढाचा कोन किमान २८ अंश, मागचा किमान २० अंश, जमिनीपासून उंची किमान २० सेंटिमीटर अशा पाच अटींपैकी चार पूर्ण होत असतील, तर ते वाहन ट्रक. परिणाम असा की एकाच नावाची, एकाच रंगाची, शोरूममध्ये शेजारी उभी असलेली दोन वाहने घेतली तर दोनच चाकांना गती असलेले मोटार ठरू शकते आणि चारही चाकांना गती असलेले ट्रक. बसक्या सेडानला या व्याख्येत कधीच जागा मिळणार नाही, कारण बसके असणे हाच तिथे गुन्हा आहे.

करांचे तसेच. व्यवसायासाठी घेतलेल्या सहा हजार पौंडांवरील वाहनाला अमेरिकन आयकरात मोठी वजावट मिळते. २००३ मध्ये तिची मर्यादा एक लाख डॉलरपर्यंत वाढली तेव्हा वकील आणि दंतवैद्य यांनीही भारी उंच गाड्या घ्यायला सुरुवात केली; पुढच्याच वर्षी अशा गाड्यांपुरती ती २५ हजारांवर आणावी लागली, पण घसाऱ्याच्या इतर सवलती राहिल्या आणि २०२५ च्या कायद्याने पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा काढण्याची मुभा कायमची केली. साध्या मोटारीच्या घसाऱ्यावर मात्र दरवर्षीची घट्ट मर्यादा आहे. म्हणजे तोच व्यावसायिक तेवढ्याच पैशांत सेडान घेईल तर त्याला कमी सवलत आणि अधिक जड, अधिक इंधन पिणारे वाहन घेईल तर जास्त. सार्वजनिक पैशाने जडपणाला दिलेले हे बक्षीस आहे.

नियम गाडीचा आकार ठरवतात, हे आपल्याकडच्या वाचकाला नवे वाटू नये. चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांना २००६ च्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काची सवलत मिळाली आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सने इंडिगोची डिकी छाटून ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस बाजारात आणली. त्यानंतर आखूड शेपटीच्या सेडानची रांगच लागली. २०१३ मध्ये १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर उभ्या असलेल्या मोठ्या गाड्यांवर जादा शुल्क आले, तेव्हा महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ५०० ची ही उंची १६० मिलिमीटरवर आणली. भारतात नियमाने गाडी खाली बसली, अमेरिकेत नियमाने ती वर उठली. दोन्हीकडे ग्राहकाने जे निवडले ते त्याच्यापुढे मांडलेल्या ताटातून निवडले. (मोठ्या अमेरिकन गाड्यांशी मुंबईचे नाते तसे जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीत गाड्यांची जोडणी केली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या.)

उंच गाड्यांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे आणि ते मी डावलत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसक्या गाडीत वाकून शिरण्यापेक्षा उंच आसनावर सरळ टेकणे सोपे जाते. मागचा मोठा दरवाजा उघडून सायकल किंवा कपाट आत सरकवता येते, जे सेडानच्या डिकीत होत नाही. बर्फात चारही चाकांची गती उपयोगी पडते. आणि समोरून येणारा प्रत्येक जण उंच गाडीत बसला असेल तर आपणच खाली का बसावे, ही भीतीही समजण्यासारखी आहे. पण ही शेवटची गोष्ट आवड नाही. ती शर्यत आहे. शेजाऱ्याने उंची वाढवली म्हणून आपण वाढवायची, मग त्याने पुन्हा, आणि या शर्यतीची किंमत जो गाडीत बसलेलाच नाही त्याने मोजायची.

अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये हा आकडा ७,५०० च्या पुढे गेला. या वाढीला फोन, वेग, अंधारे रस्ते, पदपथांचा अभाव अशी अनेक कारणे आहेत, सर्व दोष गाडीच्या आकाराचा नाही. तरी महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संस्थेने २०२३ मध्ये केलेला अभ्यास डोळ्यांआड करता येत नाही. ज्या वाहनांच्या बोनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असते, ती ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांच्या तुलनेत पादचाऱ्याला धडकली तर मृत्यूची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. चाळीस इंच म्हणजे एक मीटरहून थोडे अधिक. सात-आठ वर्षांच्या मुलाचे डोके आणि छाती नेमकी तिथे येते. बसक्या गाडीची धडक मोठ्या माणसाच्या पायाला बसते आणि शरीर बोनेटवर येते. उंच, उभ्या तोंडाच्या गाडीची धडक थेट धडाला बसते आणि माणूस खाली ढकलला जातो. मोठी सेडान लांब होती, जड होती, पण तिच्या बोनेटवरून चालकाला समोर उभे असलेले मूल दिसत होते. सार्वजनिक रस्त्यावरच्या वाहनाकडून याहून प्राथमिक अपेक्षा ती कोणती असणार?

लोकांना सेडान नकोच आहे, हा दावा आकड्यांपुढेही पूर्ण टिकत नाही. फोर्डने एप्रिल २०१८ मध्ये मस्टँग वगळता अमेरिकेतील आपल्या मोटारी बंद करण्याचे जाहीर केले. टोयोटाने कॅमरी चालू ठेवली, २०२५ च्या मॉडेलपासून ती फक्त हायब्रिड केली, आणि केंटकीतील जॉर्जटाउन येथे तयार होणारी ही सेडान अमेरिकेत वर्षाला तीन लाखांच्या आसपास खपते. तिची सर्वात काटकसरी आवृत्ती गॅलनला सुमारे ५१ मैल देते. म्हणजे ग्राहक होता. डेट्रॉइटला, म्हणजे अमेरिकन मोटार कंपन्यांना, त्याच्याकडून मिळणारा नफा पुरेसा वाटला नाही. पिकअप आणि तिच्या चौकटीवरच्या उंच गाड्यांत नफा कितीतरी जास्त, आणि पिकअपला परदेशी स्पर्धेपासून १९६४ पासून २५ टक्के आयात शुल्काचे संरक्षण. हे शुल्क मुळात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या कराचा बदला म्हणून आले होते. एका कोंबडीच्या भांडणाने साठ वर्षे एका उद्योगाची दिशा राखली, हे सांगूनही खोटे वाटावे असे आहे. या सगळ्याचा शेवट आज दिसतो आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या वाहनाची सरासरी किंमत प्रथमच ५० हजार डॉलरच्या वर गेली. इम्पालाची जागा भरून काढणारी, सहा माणसांची, मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला झेपणारी देशी गाडी बाजारात उरलेली नाही. पुढे सलग बाक असलेली शेवटची अमेरिकन मोटारही इम्पालाच होती, २०१३ ची.

पुढे काय? जुनी गाडी जशीच्या तशी परत यावी असे मी म्हणत नाही. स्वतंत्र पोलादी चौकट आज मोटारीला अनावश्यक जड आहे आणि मोठे पेट्रोल इंजिन रोजच्या वापरासाठी समर्थनीय राहिलेले नाही. कॅडिलॅकने हातबांधणीची सेलेस्टिक आणली, पण तीन लाख डॉलरांहून महाग गाडी म्हणजे या परंपरेचे पुनरुज्जीवन नव्हे. इम्पालाचा वारसा अशा गाडीकडे जाऊ शकत नाही. टिकवण्यासारखे आहे ते गाडीचे रूप आणि तिचा हेतू: लांब, बसकी, सहा माणसांची, लांब पल्ल्याची, दुरुस्त होणारी आणि सामान्य माणसाला परवडणारी.

आणि नेमक्या याच रूपाला विजेच्या युगात नवे कारण मिळते. महामार्गाच्या वेगाला गाडीची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. समोरून गाडी जितकी उंच आणि रुंद, तितकी हवा जास्त, तितकी बॅटरी मोठी. बॅटरी मोठी की वजन वाढले, वजन वाढले की चाके, ब्रेक, सांगाडा सगळेच जड. लांब, बसका आकार हे चक्र उलट फिरवतो, आणि गाडी लांब असली की चाकांमधल्या पट्ट्यात बॅटरी सपाट पसरायला जागाही मिळते. अ‍ॅरिझोनातील कासा ग्रांदे येथे तयार होणारी ल्युसिड एअर ही सुमारे पाच मीटरची अमेरिकन सेडान आहे. तिची प्युअर ही आवृत्ती ८४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर सरकारी चाचणीनुसार ४२० मैल जाते. इम्पालाचे उत्पादन थांबल्यावर हॅमट्रॅमकच्या त्याच कारखान्यात जीएमसी हमर ही विजेची गाडी येऊ लागली: वजन चार टनांच्या वर, बॅटरी दोनशे किलोवॅट-तासांहून मोठी, आणि पहिल्या आवृत्तीचा पल्ला ३२९ मैल. एका हमरच्या बॅटरीत दोन सेडान चालतात, आणि त्या प्रत्येकी तिच्यापेक्षा लांब जातात. लिथियम, निकेल, खाणी आणि वीज यांचा विचार करणाऱ्या कोणालाही यातली कोणती गाडी समाजाच्या हिताची हे ठरवायला वेळ लागू नये. ल्युसिड आज महाग आहे, सुमारे सत्तर हजार डॉलर, हे खरे. पण तिची लहान बॅटरी हाच स्वस्ताईकडे जाणारा मार्ग आहे, आणि तो मार्ग इम्पालाएवढ्या संख्येने गाड्या काढू शकणाऱ्या कंपन्यांनी धरायला हवा.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संसदेने सरासरी अ‍ॅव्हरेजची मर्यादा मोडल्याबद्दलचा दंड शून्यावर आणला. त्यामुळे नियमांचा पक्षपातही संपला, असे कोणी म्हणेल. तो संपलेला नाही. जडपणाला मिळणारी करसवलत उलट वाढली आहे, पेट्रोलपिऊ मोटारींवरचा खास कर आजही ट्रकांना लागू नाही, आणि तीस वर्षे उंच गाड्यांसाठी उभारलेले कारखाने, साचे आणि पुरवठादार दंड माफ झाल्याने बदलत नाहीत. नियम काढून टाकणे हा उपाय नाही. नियम एकसारखा करणे हा आहे. जे वाहन मुख्यतः माणसे वाहून नेते ते मोटार मानावे, मग त्याची उंची आणि चाकांची गती काहीही असो. अ‍ॅव्हरेजची कसोटी आणि पेट्रोलपिऊपणाचा कर सर्वांना एकाच दराने लागावा. व्यावसायिक वजावट वजनाला नव्हे, प्रत्यक्ष कामाच्या वापराला मिळावी, म्हणजे शेतकऱ्याच्या पिकअपला धक्का लागणार नाही आणि दंतवैद्याच्या एस्कलेडला सरकारी मदत मिळणार नाही. नव्या गाडीला सुरक्षेचे तारे देताना रस्त्यावरच्या माणसाला तिच्यापासून असलेला धोका त्याच तक्त्यात मोजावा. आणि पोलीस खाती, नगरपालिका, विमानतळावरील टॅक्सीसेवा यांनी, म्हणजे ज्या संस्थांनी क्राउन व्हिक्टोरियाला तीन दशके जगवले त्यांनीच, पाच वर्षांच्या एकत्रित खरेदीची हमी देऊन विजेवर चालणाऱ्या, दुरुस्तीला सोप्या मोठ्या सेडानची निविदा काढावी. इतकी निश्चित मागणी हाती असेल तर डेट्रॉइटला अशी गाडी बनवणे परवडणार नाही, असे मला वाटत नाही. एवढे होऊनही लोकांनी ती नाकारली, तर तो कौल मी मान्य करीन.